सुधारित भोक

३ मार्च, सकाळ
संगीताच्या बाईंना शाळेसाठी बारा हार्मोनियम हव्यात. दहा तारखेला माझ्या मुलाची एक पेटी आणि शेजारच्या धाकट्या भावजींची एक, दोन्ही वाजवून बघणार. ऑर्डर गेली तर मुलगा म्हणतो, वर्कशॉप बंद, कारखान्यात खुर्च्या बनवतो. खुर्चीतून सूर निघत नाही, कुरकूर निघते.
भावजींची नवी पेटी गोड वाजते. भिंत एकच, सगळं ऐकू येतं. निश्चय: ती आतून बघायची.

४ मार्च
पॉलिशचा रंग बघते म्हणून पेटी मागून आणली. भावजी म्हणाले, ठेवा वहिनी चार दिवस. भोळा माणूस.
नात म्हणाली, आजी, ही कॉपी. शाळेत शून्य देतात. तिला समजावलं. आमचे हे होते तेव्हा ह्यांची पेटी बघून भावजींनी दुकान थाटलं, ती चोरी. ह्यांनी आपल्या मालकाची उघडून बघितली होती, ते शिक्षण. मी करणार ती सुधारणा. चौथी नापास असून एवढं कळतं.

५ मार्च
उंदराने साबण कुरतडला. मुलाला पिंजरा आण म्हटलं. हो म्हणाला, म्हणजे आणणार नाही. पेटी पलंगाखाली लपवली.

६ मार्च, दुपार
सापडलं! भात्याच्या तिसऱ्या घडीत, खालच्या अंगाला, वाटाण्याएवढं भोक. लबाड! म्हणून आवाज गोड. श्वास कोंडून कोणी गातं का? चाळीस वर्षं खळ लावून भाते चिकटवतेय, मला भोक शिकवू नये कोणी.
वाजवून बघितली नाही. रंग बघायला वाजवावं लागत नाही.

८ मार्च
भावजींची पेटी परत केली. त्यांचं भोक वेडंवाकडं, कडा चघळल्यासारख्या. आमच्या पेटीला मी कात्रीने गोल कापलं, कडेला मऊ चामडं लावलं. जरा मोठंच ठेवलं. मुलगा म्हणाला, आई, हवा जाईल, वाजवून बघू दे. म्हटलं, भिंतीला कान आहेत. पेटी कुलपात.

१० मार्च, संध्याकाळ
आमच्या पेटीला धाप लागली. बाईंनी विचारलं, दमा आहे का हिला? मी भोक दाखवून म्हटलं, सुधारणा. भावजींनी वाकून बघितलं आणि जमिनीवरच बसले हसत. म्हणाले, वहिनी, माझी परत आली तेव्हा तिलाही इथेच भोक होतं. उंदराने खळ खाल्ली होती. काल ठिगळ लावलं. पण तुमच्याकडचे उंदीर कात्री कधीपासून वापरायला लागले?
ऑर्डर त्यांना. मुलगा पेटी उचलून माझ्या पुढेच घरी निघाला.

११ मार्च
भावजी आले. बारा पेट्या एकट्याला झेपत नाहीत म्हणाले. लाकूडकाम मुलाने करायचं, भाते मी चिकटवायचे. अट एकच: कात्री त्यांच्याकडे राहील. मोठेपणा मिरवायची हौस, दुसरं काय. खुर्च्या टळल्या म्हणून हो म्हटलं.
विचार केला तर उंदीर आमच्या घरचा. म्हणजे भोकाची डिझाइन मूळ आमचीच. कॉपी मी केलीच नाही.
पलंगाखाली पिंजरा दिसला. मुलाने न सांगता आणला.