मागाच्या शाफ्टाचा रॉड

आप्पा, अजून म्हणतो, ते चारचौघांत बोलायला नको होतं तुम्ही. लग्नाच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच तुमची हवाईयन गिटार माझ्या मांडीवर दिलेली, ऑर्केस्ट्रातली बाई गात होती आणि मी तिच्या आवाजावरनं वाजवत सुटलो, कबूल. पण माइकवरनं? "आरं, ती गातीया न्हवं? तिला गाऊ दे की!" अख्खा मांडव हसला. वर म्हणालात, "नववी नापासाला थांबायचं कुठं कळतंय!" दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही यंत्रमागावर कामाला गेलात आणि मी इचलकरंजी सोडली. जाताना तारांवर फिरवायचा तो स्टीलचा रॉड खिशात घातला. मोडक्या मागाच्या शाफ्टातनं तुम्ही लेथवर करून घेतलेला, अंगठ्यासाठी खाच पाडून. त्याच्याशिवाय ती गिटार म्हणजे नुसतं लाकूड, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच घेतला.

वाटलं, चार दिवस अडाल, मग दुसरा घ्याल. तुम्ही घेतलाच नाहीत. ताई सांगते, ऑर्केस्ट्रावाले बोलवायला आले की म्हणायचात, "पोरगं घेऊन गेलंय, आणतंय की." दोन वर्षं हेच. मग गेलात. मी तेव्हा दुबईत होतो. रजा मिळत होती, तरी आलो नाही.

आता न्यूझीलंडच्या पार खाली, गोर नावाच्या गावाजवळ, गायी पिळतो. गोठ्यावरचा माझा जोडीदार फिलिपिनो आहे, कंट्री गाणी गातो. त्यानंच मला रविवारी दुपारी कंट्री गाण्यांच्या क्लबात ओढत नेलं. हॉलमध्ये चहा, सॉसेज रोल. कुणीही उठून गावं, मागं क्लबचा बँड. त्यांच्या स्टील गिटारवाल्या म्हाताऱ्यानं हात थरथरतात म्हणून बसणं सोडलेलं. मी बसण्याआधी गिटारीच्या पाया पडलो तर सगळे बघतच राहिले. जोडीदार गायला लागला आणि पहिल्याच गाण्यात सुटलो की परत! अकॉर्डियन वाजवणारी आजी बँड सांभाळते. ती वाकून कानाशी म्हणाली, "लव्ह, तो गातोय ना? त्याला जरा जागा दे." आप्पा, तुमचंच वाक्य. तिचं ऐकलं मी. आता तो गातो तेव्हा रॉड तारांच्या वर नुसता धरून बसतो, ओळ संपली की दोनच सूर. "स्वीट अ‍ॅज," म्हणते आजी, म्हणजे झकास. माझी खुर्ची ठरलेली आहे तिथं. दुसरं कुणी बसत नाही.

गेल्या रविवारी तिनं रॉड हातात घेऊन बघितला. कुठून आणलास, विचारलं. मी म्हटलं, "डॅडनं दिला, घरनं निघताना." तिनं ते माइकवरनं सगळ्यांना सांगितलं. तुमच्यासाठी टाळ्या पडल्या, आप्पा. मी खाली मान घालून तारा पुसत बसलो.

काल ताईचा फोन आला. तिची पोरगी माळ्यावरनं तुमची गिटार काढून बसते म्हणे, तारांवर चमचा फिरवते. "आरं, आप्पांचा रॉड हाय न्हवं तुझ्याकडं? धाड की पोरीला."

मी म्हटलं, "हरवला गं, दुबईतच."

हरवला नाही. हे लिहिताना कागद उडू नये म्हणून त्यावर तोच ठेवलाय. पण तो दिला तर त्या खुर्चीत मी काय घेऊन बसू? पोरीसाठी नवा घे म्हटलंय ताईला. पाठवतोय, साडेचार हजार रुपये.