चतुराबाईची बिघडलेली भाजी

३ ऑगस्ट
रिटायर झालो म्हणून मी काही खचणाऱ्यातला नाई. जिंदगीभर एसटी अशी चालवली का पॅसेंजरच्या हातातला चहा हालला नाई. उद्यापासून पहाटे फिरणं, मंग स्टँडवर माह्या जुन्या कंडक्टर पुंजाजीसंगं चहा. ठरलं म्हणजे ठरलं!

४ ऑगस्ट
फिरणं कॅन्सल. अंग जड. हवामानच खराब हाय.

९ ऑगस्ट
पुंजाजी बोलवाले आला होता. झोपलो म्हणून सांगाले लावलं. त्याच्या किश्शांवर पह्यले हसू ये, आता बोर होते. माणूस बिघडला.
बायकोची भाजीही बिघडली. माती खाल्ल्यासारखी लागते. इतक्या वर्षांत चतुराबाईचा हात असा कधी घसरला नव्हता.

१६ ऑगस्ट
मोबाईलवर डिप्रेशनचा व्हिडिओ पाह्यला. झोप उडते, चव जाते, कशात मन लागत नाई, रडू येते. बाप्पा! ही तर आमची चतुराबाई! कालच ओट्यापाशी रडत होती. काहून रडून राह्यली विचारलं, तर म्हणे, तुमच्याकडं पाहून. पक्कं लक्षण! मी हाय तोवर तिले काही होऊ देणार नाई.

२० ऑगस्ट
तिले कारंज्याले मनाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. एका शब्दात तयार झाली, मलेच नवल वाटलं. बाईनं तिले विचारलं, झोप लागते का? मी सांगितलं, पहाटेच डोळा उघडते, मंग छताकडं पाहत पडणं. जेवण? मी सांगितलं, घास तोंडातच फिरते. मन? म्हटलं, ज्या कामात जीव होता ते सुटलं, आता सकाळ कायले होते तेच समजत नाई. तिथं आवाज बसला. धूळ लय होती.
मंग विचारलं, जगणं नकोसं वाटते का? याचं उत्तर मी दिलं नाई. चतुराबाईनं परक्या बाईपुढं माहा हात धरला. लाजबीज काही नाई!
वरून म्हणे, मले तर पडल्या पडल्या झोप लागते जी. डॉक्टरीणबाईनं कागदावर नाव लिहिलं रामकिसन. म्हणजे मी! चूक झाली म्हटलं, तर बाईनं कागद माह्याच हाती देला.

२१ ऑगस्ट
गोळ्या घेणार नाई. मी काय पागल हाव? काल डॉक्टरीणबाई म्हणे, पागलपणा नाई, शुगरसारखी बिमारी हाय. गोळीचा असर दिसाले काही हप्ते लागतात, मधात येऊन बोलत जा. बोलाले मले काय झालं?
चतुराबाई म्हणे, तुमी गोळी घ्या, तवाच मी जेवीन. सरळ ब्लॅकमेल! घेतली. तिच्यासाठी.

२८ ऑगस्ट
फरक शून्य. नुसतं तोंड सुकते. बंद करतो म्हटलं, तर हिनं बाईले फोन लावून देला. बाई म्हणे, ड्रायव्हर ना तुमी? इंजन गरम व्हाच्या आधी गाडी बंद करता का? अन् गोळी आपल्या मनानं सोडाची नाई, मले विचाराचं. आता याले काय बोलाचं?

१९ सप्टेंबर
वांग्याची भाजी! काय चव, राजेहो! दोन भाकरी खाल्ल्या. चतुराबाईले म्हटलं, पाह्य, गोळ्या म्या खाल्ल्या अन् सुधरली तू. झालं काम, आता बंद.
ती म्हणे, तिखट तेच, मीठ तेच, हातही तोच. अन् डोळ्याले पदर लावला.
मी विचारलं, मंग इतके दिवस काय बिघडलं होतं?
तिनं गोळी अन् पाणी पुढं ठेवलं.
घेतली. आज तिच्यासाठी नाई.