बेगमसाहेबांच्या मोटारीचा टप

वैशाख शु. २, गुरुवार
मुंबईहून व्ही.पी.नं पार्सल आलं. रबरी नळ्या ४, पितळी जोड ४, वायसरांची पुडी १. कलदार रुपये साडेअठरा, टपाल वेगळं. घरखर्चात धरले नाहीत, 'बेगम-मोटार' म्हणून निराळं पान केलं. हे म्हणाले, "तिच्याकडून मागणार आहेस का?" मी पानावर तारीख घातली.

पोलीस ॲक्शननंतर शेजारच्या बेगमसाहेबा हैदराबादेस भावाकडे गेल्या, तेव्हा मोटार आमच्या पडवीत ठेवून गेल्या. किल्ली माझ्या हातात दिली, ह्यांच्या नाही. "बहन, ये आपकी अमानत." आता पत्र आलंय. मुलीचं, नसीमचं, लग्न इथंच, त्यांच्या नणंदेच्या घरी. पोर सासरी जाईल ती आपल्याच मोटारीतून. पौर्णिमेच्या आधी माणूस न्यायला येईल.

आणि टप तर अर्धा वर अर्धा खाली, शिंगं उगारल्यासारखा. खाली तेल ठिबकतं. परात लावली आहे.

शु. ३, शुक्रवार. अक्षय्यतृतीया
पितरांचं पान वाढलं. आंबा महाग, एकच आणला, नैवेद्यापुरता.

दु. करीम मिस्त्री बघून गेला. पाठच्या शिटामागं तेलाचं डबडं आहे, त्यातून नळ्या दोन्ही अंगांना गेल्यात. बटण दाबलं की तेल दांड्यांना रेटतं आणि टप चढतो. मोटारीत घळघळ आवाज होतो तो ह्याचाच. मला इतके दिवस वाटे, पावसाचं पाणी साचलंय कुठं.
"नळ्या सड गए बाई. दो घंटे का काम."
उद्या येतो म्हणाला.

शु. ४, शनिवार
नळ्या बदलल्या. डबडं कोरडं. करीम म्हणाला, शहागंजातून बाटली आणतो, ब्रेकचं तेल. मी नको म्हटलं. शनिवारी घरात तेल विकत आणत नाही.
"बाई, ये खाने का तेल नइ जी. ये तो मोटार की दवा है."
"तेल ते तेल. उद्या आण."
"कल मेरेकू जालना जाना है."
मग तोच म्हणाला की त्या बाटलीत निम्मं एरंडेलच असतं. परातीतल्याचा वास घेऊन बघा. एरंडेल तर घरात आहे! मुलांसाठी आणलेलं, संक्रांतीच्या आधीचं. म्हणजे आजची खरेदी नव्हे. गाळून दिलं. सासूबाई माजघरातून, "पाजा, पाजा तिला. इतक्या दिवसांचं अवघडलेलं, मोकळी होईल."

करीमनं बटण दाबलं. टप हळूहळू, म्हातारं माणूस उठतं तसा, उठला आणि पुढच्या काचेला जाऊन टेकला. सगळे बघत राहिलो. मारुतीला नारळ.

शु. ५, रविवार
स. परातीत पुन्हा तेल. आता डाव्या अंगाला. काल उजव्या होतं. बटण दाबलं, मोटार नुसती कण्हते. टप चढलाय तो खाली येईना.
नळ्या नव्या. जोड नवे. मग गळतं कुठून? परात डावीकडं सरकवली तर मधेच ठिपका. काही कळत नाही. हे म्हणतात, "तू आणि तुझा शनिवार."
माझं चुकलं का? पण कालची खरेदी तर नव्हतीच.

शु. ७, मंगळवार
करीम जालन्याहून आला. एरंडेल लई दाट, त्याचा जोर जोडावर आला म्हणाला. मग डोकं खाजवत बोलला ते निराळंच. शनिवारी माझं एरंडेल कमी पडलं, म्हणून त्यानं पिशवीतली बाटली ओतली. 'आणतो' म्हणाला तेव्हा ती पिशवीतच होती, येतानाच घेतलेली. सकाळी. शहागंजातून.
"अरे, मी नको म्हटलं होतं ना?"
"आप नाराज होते बोलके बोल्या नइ."
म्हणजे शनिवारचं तेल पडलंच. आता दोष एरंडेलाचा, बाटलीचा, का वाराचा? त्यालाही सांगता येईना. वायसर हातावर घेऊन म्हणे, हेच फुगलेत, मुंबईवाल्यानं दुसऱ्या मापाचे दिले असतील.
चार कारणं झाली. गळती एकच.

शु. ८, बुधवार
मुंबईस पत्र टाकलं. वायसर पौर्णिमेच्या आत येणार नाहीत हे दिसतंच आहे.
करीम म्हणतो, एक करता येईल. तेल सगळं काढून टाकायचं, दांड्यांना लोखंडी पट्टी ठोकायची. टप एका जागी पक्का. चढवून मिटलेला म्हणा तर तसा, मागं टाकून उघडा म्हणा तर तसा. पण मग बदलता येणार नाही, लग्न होईतो तरी.
हे म्हणाले, "मिटलेलाच. विचारायचं काय त्यात? पडद्यातली माणसं."

मलाही तेच वाटलं. रझाकारांच्या दिवसांत ह्याच मोटारीत टप चढवून, पडदे सोडून बेगमसाहेबांनी मला आणि मुलांना स्टेशनवर पोचवलं होतं. बाहेरचं काही दिसलं नाही, आम्हीही कुणाला दिसलो नाही. त्या टपाखाली जीव वाचला.

पण त्याआधीचं एक आठवतं. आम्ही दोघी फिरायला निघायचो. गावाबाहेर मुकुंदवाडी मागं पडली की बेगमसाहेबांचा ड्रायव्हरला हुकूम, "नजर सामने", आणि स्वतः बटण दाबायच्या. टप मागं जायचा. बुरखा वर. "बाई, हवा खाओ जी!" मी पदर दातात धरून बसे, त्या हसत. नसीम शिटावर उभी राहायची, तोंड वाऱ्याकडं करून.

शु. १०, शुक्रवार
बेगमसाहेबांना पत्र. हे ते उर्दूत उतरवून देणार आहेत. मी आधी इथं लिहिते, म्हणजे ह्यांना मधलं गाळता येणार नाही.

बेगमसाहेबांस सा. न. वि. वि. मोटार नीट आहे, रोज पुसते. टपाची गळती थांबली नाही, ह्यात निम्मा हात माझा. मिस्त्री टप एकाच जागी पक्का करून देईल. मिटलेला का उघडा, हे माझ्यानं ठरवत नाही. नसीम आता केवढी झाली, तिकडं तुम्ही कशा बाहेर निघता, मला ठाऊक नाही. इतक्या पत्रांत मी विचारलं नाही, तुम्ही लिहिलं नाही. ह्यांचं मत मिटलेला. माझं विचाराल तर मुकुंदवाडीपलीकडचा रस्ता तसाच आहे. पण पोर तुमची. मिस्त्री पट्टी घेऊन थांबला आहे. नसीमला विचारून उलट टपाली कळवावं.