औषध टाकलंय, अक्का

१७ एप्रिल, रविवार
मानवजातीवर झालेल्या एका घोर अन्यायाची आज नोंद करतो. पंपाची नळी आणि हौदाचं भोक एकमेकांत बसत नाही. दोन्ही एकाच खोक्यातून आले, दोन्हींवर एकच हसरा मासा छापलाय, तरी सोयरीक जमत नाही. दाद मागायची कुणाकडं? खोक्यावरचा पत्ता परदेशातला.
जावयानं हैदराबादहून पाठवलेला फुगवायचा पोहायचा हौद. एकावर एक तीन कडी. पहिलं कडं तोंडानं फुगवलं. वय त्रेपन्न. आधी काजवे दिसले, मग सु. दिसली. (बायको. ही वही चोरून वाचते, म्हणून पूर्ण नाव लिहीत नाही.) म्हणाली, "लेखांत एवढी हवा भरता, इथं काय झालं?"
उरलेली दोन कडी सायकलच्या पंपाला चिंधी गुंडाळून. बूच लावेपर्यंत निम्मी हवा परत माझ्याच तोंडावर.
पाणी भरायचं नाही, हे ठरलं. नळ सुटून अकरा दिवस झाले. नात कोरड्यातच खेळेल. चेंडू टाकू.

१९ एप्रिल, मंगळवार
चिऊ आली. पाच वर्षांची. पिशवी न ठेवता थेट परसात.
"आबा, पूलमध्ये पाणी कुठंय?"
"दुष्काळ आहे बाळा."
"कधी संपणार? उद्या?"
संध्याकाळी जावयाचा फोन. फोटो पाठवा म्हणे. सु.चं म्हणणं, जावयाची भेट कोरडी ठेवणं बरं दिसत नाही. जावई मोठा की दुष्काळ, हा प्रश्न आमच्या घरात लेकीच्या लग्नातच निकाली निघालाय.

२० एप्रिल, बुधवार
टँकर आणला, विकतचा. अंगणाखालची टाकी भरली. उरलेलं पाणी मागं सोडायला सांगितलं.
"पूलमध्ये सोडा."
"कुठल्या पुलाखाली, सर?"
परसात येऊन टँकरवाल्यानं बघितलं. पाइप हातात, तोंड उघडं. "ह्यो व्हय? ह्यो तर फुगा हाय."
भरला. गुडघ्याच्या वर. खोक्यावर सातशे लिटर लिहिलंय, तेवढं असेल. चिऊचा आनंद इथं लिहीत नाही, कारण त्याचा माझ्या बचावाचा पुरावा म्हणून उपयोग करावासा वाटतोय.
जाता जाता टँकरवाला म्हणाला, "तुमचा लॉनचा लेख वाचलो सर. लई झोडपलाव बघा त्याला."
मागच्या गुरुवारचं माझं सदर, 'काडी'. लॉनला पाणी मारणाऱ्या एका बड्या असामीवर. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: 'ज्याच्या अंगणात गवत हिरवं, त्याचं तोंड काळं.' आता आवडत नाही.
रस्त्यावरून दिसू नये म्हणून हौदावर काहीतरी टाकायला हवं होतं. माळ्यावर जिल्हा समितीचा जुना फ्लेक्स सापडला. (मी समितीचा घोषणालेखक.) 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे.' बरोबर झाकला गेला. एवढ्या वर्षांत त्या फ्लेक्सचा पहिल्यांदा काही उपयोग झाला.

२१ एप्रिल, गुरुवार
हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.
दुपारी फ्लेक्स काढून काड्या-पाचोळा वेचत होतो. कंबरेएवढ्या भिंतीपलीकडं अक्का धुणं वाळत घालत होत्या. शेजारी पंधरा वर्षं. अक्का सत्तरीच्या. त्यांचे मालक अप्पा, आडतीतून निवृत्त, डाव्या कानानं ठार बहिरे, उजव्यानं निवडक. त्यांना टाकी नाही, बोअर आटलेला. कोपऱ्यावर नगरपालिकेचा टँकर येतो तेव्हा अक्का रांगेत. मिळेल तेवढं.
अक्कांनी बघितलं. म्हणाल्या, "पाणी साठवलाव व्हय सर? बरं केलाव. दोन घागरी—"
"औषध टाकलंय, अक्का," मी म्हणालो.
वाक्य पुरं होऊ दिलं नाही. औषध-बिवषध काही नव्हतं. टँकरचं जसंच्या तसं पाणी. पण तोंडातून असं सफाईनं निघालं, की जणू दोन दिवस तयार करून ठेवलं होतं.
"असं व्हय," म्हणाल्या. उरलेलं लुगडं पिळून वाळत घातलं.
घरात आलो. सु.ला सांगितलं नाही. ही वही वाचेल तेव्हा कळेल.

२२ एप्रिल, शुक्रवार
सकाळी चिऊ पाण्यात. अक्का भिंतीपाशी आल्या, भरलेली घागर भिंतीवर ठेवली.
"औषधाच्या पाण्यानं लेकराच्या अंगाला खाज सुटती, सर. बाहिर काढल्यावर वरून हे चांगलं पाणी घाला."
माझ्या तोंडून काय आवाज निघाला, माहीत नाही.
"अक्का, तुम्हालाच नाही. कशाला उसनं..."
"पाणी कुठं उसनं असतंय व्हय? घागर तेवढी रिकामी करून द्या, दुसरी गळती हाय."
घेतली. चिऊच्या अंगावर घातली. रांगेत उभं राहून आणलेलं पाणी. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि वाक्यांवर माझं पोट—

२३ एप्रिल, शनिवार
दुसरी घागर.

२४ एप्रिल, रविवार
तिसरी.
मधल्या कड्यातली हवा रोज रात्रीतून निम्मी जाते. सकाळी हौद दमेकऱ्यासारखा कलंडलेला. साबणाचं पाणी लावून भोक शोधलं, सायकलचं पंक्चर काढतात तसं घासून, सोल्युशन लावून ठिगळ मारलं. मग जाळीनं कडुलिंबाची पानं काढली. मधमाश्या येतात. खारी येतात. कावळे तर काठावर रांगेनं बसून पितात. कावळ्यांना औषधाचं सांगता आलं नाही.
अक्का भिंतीवर हात ठेवून बघत होत्या.
"कावळे पितेत की वो तुमचं औषध."
"पितात," मी.
"वास बी येत न्हाई काडीचा. भारीतलं दिसतंय."
चेहरा कोरा. रोजच्यासारखा. मी नीट बघितलं. एकोणीस वर्षं उपरोध लिहून खातोय, आणि समोरची बाई उपरोध करते आहे की नाही, ते मला कळेना. 'काडीचा' म्हणाल्या. माझ्या सदराचं नाव 'काडी'. त्या पेपर वाचत नाहीत. अप्पा वाचतात.

२५ एप्रिल, सोमवार
चौथी.
सु.ला कळलं. वहीतून की अक्कांच्या बोलण्यातून, विचारलं नाही. तिनं पोळी वाढली, पण तूप वाढलं नाही.
संपादकांचा फोन. "सर, ह्या गुरुवारी पाण्यावर येऊ द्या. लोकांना तुमचं खरं बोलणं लई आवडतंय."
बसलो. 'काही लोक' एवढं लिहिलं. खोडलं. 'आपल्यातले काही लोक' लिहिलं. तेही खोडलं. शेवटी डासांवर लिहून पाठवलं.

२६ एप्रिल, मंगळवार
सकाळी पाचवी घागर भिंतीवर. ती तिथंच ठेवून मी बाजारात गेलो आणि ब्लीचिंग पावडर आणली.
हिशेब असा: सांगितलेलं परत घेता येत नाही, पण खरं करता येतं. लबाडी आणि सत्य यांच्यात एका पुडीचं अंतर. आयुष्यात इतकं मूर्ख काही सुचलं नव्हतं, आणि सुचलं तेव्हा फार हुशारीचं वाटलं. दोन मुठी टाकल्या, काठीनं ढवळलं. मग एवढ्यानं भिंतीपलीकडं वास जाईल का, म्हणून आणखी दोन. डोळ्यांतून पाणी आलं. भिंतीशी जाऊन मुद्दाम खोकलो.
चिऊला सांगितलं, आज पाण्यात जायचं नाही. ती थेट भिंतीपाशी.
"अक्काआजी, मी आज नाही खेळणार. आबांनी आज औषध टाकलं."
"आज व्हय?" अक्का म्हणाल्या.
आज. पाच वर्षांच्या पोरीनं एका शब्दात काम केलं. मला त्यासाठी सहाशे शब्द लागतात.
अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग घागरीकडं. मला वाटलं, उचलून नेतील. न्यायला पाहिजे होती. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पोरीला प्यायला व्हईल."

२७ एप्रिल, बुधवार
भिंतीवर घागर नाही.
चिऊ खेळत नाही, तर घागर कशाला? सरळ आहे. रागाचा प्रश्नच नाही. दिवसभरात भिंतीकडं किती वेळा बघितलं, ते लिहीत नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार
कोपऱ्यावर तीन दिवस टँकर नाही. कुणी म्हणतं डिझेल नाही, कुणी म्हणतं विहीर खचली. विकतचा टँकरवाला फोन उचलत नाही. आमच्या टाकीत बादली खरवडते.
परसात सातशे लिटर. डोळे चुरचुरतात.
सु.: "उकळून चालेल का?"
"नाही."
"किती टाकलीत?"
"चार मुठी."
"चार मुठी," ती म्हणाली. मीठ जास्त झालेल्या भाजीबद्दल ती अशीच बोलते.

३० एप्रिल, शनिवार
अकरा वाजता अप्पा कट्ट्यावर बसलेले. उघडे, कपाळभर, छातीभर भस्म. ही त्यांची कट्ट्यावर बसायची वेळ नव्हे. पहाटे आंघोळ, मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग जेवण, मग पेपर. पंधरा वर्षांत यात बदल बघितला नाही. पेपर बाजूला घडी न मोडता.
सु. पलीकडं जाऊन आली. अक्का तिला म्हणाल्या, "भस्मानंच आंघोळ केलेत आज. म्हणतेत, अंगाचं चालतंय, लिंगाला पाणी पायजे. आन् पूजा न्हाई तर तोंडात घास घालीत न्हाईत. हट्टी माणूस. रात्री बी जेवले न्हाईत नीट."
सु.नं आमच्या प्यायच्या जारमधून तांब्या भरून नेला. अप्पा दीडला जेवले.
परत आल्यावर मला म्हणाली, "औषधाचं मी काही बोलले नाही. ते तुमचं काम."
आठवून बघतोय: 'दोन घागरी—' असं अक्का म्हणाल्या तेव्हा त्यांचा हात स्वतःच्या घराकडं झाला होता की माझ्या हौदाकडं? मागत होत्या, की देत होत्या? किती विचार केला तरी हात आठवत नाही. मला फक्त घागरी ऐकू आल्या.

१ मे, रविवार
याही महाराष्ट्र दिनाला जिल्हा झाला नाही. झेंडावंदनानंतर समितीची सभा. एक वकील म्हणाले, "जिल्हा झाला की कलेक्टर हितंच बसतंय. मग बघू नळ कसा सुटत न्हाई ते." मागून आवाज आला, "कलेक्टर काय घागर घिऊन येणार हाय का?" मोठा हशा. मीही हसलो, सवयीनं. नवी घोषणा लिहून द्या म्हणाले. आता पंधरा ऑगस्टला नक्की.
घरी येऊन फ्लेक्स काढला. गल्लीत सांगितलं, संडासाला पाणी न्या, पिऊ नका, भांड्याला लावू नका. बादल्या घेऊन सगळे आले. तासाभरात हौद रिकामा. हसरा मासा तळाशी चुरगळलेला.
आणि आता खरी मानहानी. एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "लिहिणारे लई असतेत सर, देणारे कमी. तुम्ही दोन्ही हाव."
सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का नेमक्या बादली उचलत होत्या. थांबल्या, माझ्याकडं बघितलं. तेव्हा तरी बोलायचं. मी म्हणालो, "अहो, त्यात काय."
त्यात काय!

२ मे, सोमवार
देगलूर रोडला एका जुन्या विद्यार्थ्याचं शेत आहे. विहिरीला अजून पाणी. स्कूटरवर पुढं एक, मागं एक, वीस-वीस लिटरचे कॅन. जिल्ह्याच्या हद्दीचा दगड ओलांडून नांदेडातलं पाणी लातुरात आणलं. वाटेत कुणी अडवलं नाही. तिसऱ्या जिल्ह्याची मागणी करणाऱ्या माणसाला दोन जिल्ह्यांनी मिळून दिलेलं पाणी.
विद्यार्थी म्हणाला, "सर, फोन करायचाव, पोराला पाठवलो असतो." नको म्हटलं. माझंच मला आणायचं होतं.
कंबर गेली. कॅन झाकून ठेवले. उद्या आणखी एक खेप.

३ मे, मंगळवार
दुसरी खेप अकराला आणली. कोपऱ्यावर नगरपालिकेचा टँकर आल्याचा ओरडा झाला, अक्का हाताला लागली ती गळकी घागर घेऊन पळाल्या. चांगली त्यांच्या ओट्यावर होती. मी तीच उचलली.
भिंतीवरून नाही, दारातून गेलो. त्यांच्या रांजणाच्या तोंडाला धोतराचा धुतलेला तुकडा बांधला आणि कॅनमधून घागर, घागरीतून रांजणात. अप्पा कट्ट्यावर पेपर धरून. बराच वेळ बघत होते.
"कुणाचं पाणी हाय, सर?"
"तुमचंच आहे, अप्पा."
"औषध न्हाई ना ह्यात?"
"नाही."
तिसरी ओतली. चौथी. मग जवळ जाऊन म्हणालो, "त्या हौदातही नव्हतं, अप्पा. नंतर टाकलं. आधी नव्हतं. मी अक्कांना खोटं सांगितलं."
"हाव," अप्पा म्हणाले आणि पान उलटलं. ते सगळ्यालाच हाव म्हणतात.
बोललो तेव्हा मी त्यांच्या डाव्या, बहिऱ्या कानाच्या बाजूला उभा होतो. जागा मीच निवडली होती. हे लिहायलाच पाहिजे.
पाचवी ओतली. फिटल्या. कॅनमध्ये अजून होतं. गल्लीच्या टोकाला अक्का येताना दिसत होत्या, डोक्यावर घागर, पाठीवर ओघळ. मी थांबलो नाही. सहावी ओतली, सातवी ओतली, घागर होती तिथं पालथी ठेवली, आणि या वेळी कट्ट्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.