सेंटर हाफचा शांत स्वभाव

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
शाळेचं पत्र आलं. शाळेला पंचाहत्तर वर्षं होतात, त्यानिमित्त २९ तारखेला हॉकीचा सामना. माजी विद्यार्थिनी विरुद्ध आताच्या मुली. कॅप्टन अर्थात मी, शाळेच्या टीमची जुनी सेंटर हाफ. पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण सूर्य पूर्वेला उगवतो हेही कुणी पत्रात लिहीत नाही.
वय अठ्ठावन्न. गुडघे त्याहून जरा थोरले. संकल्प : रोज धावणं. साखर बंद. आणि गोलमध्ये चिमणीच हवी. ती नसेल तर जिंकून तरी काय करायचं? चिमणी म्हणजे माझी जिवलग मैत्रीण, आयुष्यातली एकुलती एक. एकेचाळीस वर्षं आमचं बोलणं नाही, एवढीच अडचण.

४ नोव्हेंबर
माळ्यावरून स्टिक काढली. मुठीला अजून तोच वास, घामाचा आणि ओल्या गवताचा. डोळे भरून आले. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या खेळाच्या सिस्टर म्हणायच्या, मैदानावर मुलीचं मन फुलासारखं होतं. माझं झालंच.
हॉलमध्ये एक साधा फटका मारून पाहिला. नवरा मध्ये आला. नडगीवर लिंबाएवढं टेंगूळ. म्हणतो, मी सोफ्यावर बसलो होतो गं, मध्ये कसा येईन? न खेळलेल्या माणसांना जागेचं भानच नसतं.
धावणं उद्यापासून.

६ नोव्हेंबर, दुपारी
चिमणीला फोन केला.
एकेचाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या फायनलमध्ये काय झालं होतं ते एकदा नीट लिहूनच ठेवते. बॉल आमच्या गोलसमोर. नियम असा की गोलकीपर ‘सोड’ म्हणून ओरडली की बाकीच्यांनी बॉल सोडायचा, पुढचं ती बघते. चिमणी ओरडली. आवाज बारीक, म्हणून तर चिमणी. मला ऐकू आलं होतं. पण मी जबाबदार मुलगी, अंगावरचं काम दुसऱ्यावर ढकलणं माझ्या रक्तात नाही. स्टिक फिरली. आधी बॉलला लागली, मग चिमणीच्या नाकाला. पांढरा ब्लाउज लालभडक. बॉल मात्र थेट सीमेपार! हे कुणी लक्षात ठेवत नाही.
फोनवर म्हटलं, जाऊ दे गं, झालं गेलं, मी तुला माफ केलंय. पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज. भारावली असणार. मग म्हणाली, येईन. पण मी सोड म्हटलं की सोडायचं. या खेपेला नाही सोडलंस तर माझं-तुझं संपलं, कायमचं. म्हटलं, वेडे, तुझ्यासाठी जीव सोडीन. म्हणाली, जीव राहू दे, बॉल सोड.

९ नोव्हेंबर
सोडण्याचा सराव. पार्किंगमध्ये सूनबाईने बॉल टाकायचा आणि सोड म्हणायचं. पहिला बॉल : सवयीने मारला. दुसरा : शेजाऱ्यांच्या गाडीचा दिवा. तिसरा : सूनबाईचा अंगठा. नख काळंनिळं. रडवेली होऊन म्हणाली, आई, मी चांगलं मोठ्याने सोड म्हटलं होतं. म्हटलं, हो गं, पण सुरात नव्हतं.
मुलगा जेवताना माझ्याशी बोलला नाही. तो लहानपणापासून कॅरमवाला. चालायचंच.

१३ नोव्हेंबर
टीमचा पहिला सराव. अकराजणी आणि एक राखीव. राखीव म्हणजे लायब्ररीवाली. उंच, जाड भिंगांचा चष्मा, आता एका लायब्ररीत पुस्तकं देते-घेते, शाळेतही कायम बाकावरच. तेव्हाही हसायची, आताही हसते. कशाला ते कळत नाही.
सगळ्यांनी पायाला पुठ्ठे बांधले होते. पुढूनही आणि पोटऱ्यांनाही. विचारलं, मागून कशाला? एकजण म्हणाली, तू मागे खेळतेस ना, बाई. केवढा हशा! ही थट्टामस्करी, हा जिव्हाळा, याचसाठी खेळायचं.
चिमणी आली. नाक किंचित डावीकडे. तिला सांगितलं की खरं तर शोभतं, चेहऱ्याला उठाव आलाय. तिने लगेच हेल्मेट घातलं. खेळ सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती.
किरकोळ दुखापती : एक मनगट, दोन गुडघे, लायब्ररीवालीच्या चष्म्याची दांडी. चिमणीने अकरा वेळा सोड म्हटलं. मी दोनदा सोडलं. प्रगती आहे. त्यातल्या एकदा मी बुटाची नाडी बांधत होते, पण ते तिला माहीत नाही.

१८ नोव्हेंबर
फिजिओकडे गेले. गुडघा दाबला त्याने. पाय आपोआप उडाला, त्याच्या हनुवटीवर बसला. जीभ चावली गेली. रुमालात रक्त थुंकत विचारतो, मावशी, एवढा राग कशाचा आहे? राग? मला? घरी येताना रिक्षावाल्याला हा प्रकार सांगितला. जरा हातवारे करून सांगितला असेल. त्याने वाटेतच उतरवलं.
धावणं सोमवारपासून.

२४ नोव्हेंबर
नवऱ्याने सुचवलं, घरातच सोडायची सवय कर, साधा वाद तरी सोडून बघ. म्हटलं, मी कधी वाद घालते? म्हणाला, बरं, नाही घालत. म्हटलं, बरं काय बरं? मग दीड तास. शेवटी तोच सोडून निघून गेला. म्हणजे त्याला जमलं. घरात कुणाला तरी जमलं.

२८ नोव्हेंबर
उद्या. मन अगदी तळ्यासारखं शांत. स्टिकला तेल दिलं.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
थोडक्यात लिहिते.
मुलींची कॅप्टन सोळा वर्षांची, काडीसारखी, दोन वेण्या. तिसऱ्या मिनिटाला मला चुकवून जाताना म्हणाली, आजी, सांभाळून. प्रेमाने म्हणाली. त्यानंतर ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा तिचं कोपर सोलवटलं. खेळ म्हटला की व्हायचंच.
चौदाव्या मिनिटाला बॉल आमच्या गोलसमोर, ती वेण्यांवाली मुलगी वाऱ्यासारखी आत. चिमणी ओरडली, सोड! बारीक नव्हता आवाज. मैदानाच्या कडेला बसलेल्यांनी ऐकला. मीही ऐकला. सोडणारच होते. स्टिक आधीच वर गेली होती.
मुलीच्या भुवईवर बसली. हाडावर लाकूड बसलं की एक कोरडा आवाज येतो. ओळखीचा वाटला. आणि, ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही म्हणून लिहिते, क्षणभर बरा वाटला.
रक्त डोळ्यात उतरलं तरी मुलगी रडली नाही. हाताने चाचपत बॉल कुठे आहे ते बघत होती. बॉल तिथेच होता. मी पुन्हा स्टिक उचलली. तेवढ्यात कुणीतरी मागून मला कवटाळलं. चिमणी! एकेचाळीस वर्षांनी मिठी. मी म्हणाले, अगं, अगं, सगळे बघताहेत. ती दात आवळून म्हणत होती, सोड ती स्टिक, मेले, पोर आहे ती.
पंचांनी बाहेर काढलं. माझ्या जागी लायब्ररीवाली.
बाकावरून पाहिलं. चिमणी सोड म्हणाली की लायब्ररीवाली दोन्ही हात वर करून बाजूला, चक्क हसत. चिमणी पुढे येऊन बॉल अडवायची. चार वेळा असंच. सामना बरोबरीत सुटला. सगळ्याजणी चिमणीच्या अंगावर पडल्या, ढीगच झाला बायकांचा. मी टाळ्या वाजवल्या.
मुलीला सहा टाके. विचारपूस करायला गेले. तिची आई मध्ये उभी राहिली.

३० नोव्हेंबर, सकाळी ७.४०
फोन वाजला. चिमणी! स्वतःहून! रात्रभर जुळवलेलं वाक्य तयार होतं, आणि या खेपेला माफी तिला देणार नव्हते, मागणार होते. तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, लायब्ररीवालीचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? दर रविवारी सकाळी खेळायचं ठरलंय सगळ्यांचं.
मी विचारलं, सगळ्यांचं?
ती म्हणाली, हो.
नंबर सांगितला. शेवटचा आकडा चुकीचा सांगावा असं फार वाटलं. बरोबर सांगितला. तिने खात्रीसाठी पुन्हा म्हणून दाखवला. मी म्हटलं, हो, हाच.