चढावर ऐकणारं माणूस

रविवार, ता. ११
दुपार

चि. भावजींस,

अनेक आशीर्वाद. वयाने तुम्ही माझ्याहून थोरले असलात तरी नात्याने मी मोठी, तेव्हा आशीर्वाद निमूटपणे घ्या. इकडे सर्व ठीक. तुमच्या दादांचं पोट पुढे चाललंय आणि केस मागे. माझं शिलाईचं बरं चाललंय. शेजारच्या काकू तोच कोट पुन्हा सैल करायला घेऊन आल्या आहेत, आणि दर वेळी म्हणतात की कापडच आटलं. मीही हो म्हणते. गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

फोन असताना ही बाई कागद का काळे करतेय, असं वाटलं असेल. काळजी करू नका, आप्पांची तब्येत ठणठणीत आहे. पण मला जे सांगायचंय ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. तुम्ही फोन करता, आप्पा उचलतात, क्षणभर कानाला लावतात आणि न बोलता माझ्या हातात देतात. मग तुमचा आवाज असा काही पडतो की मला पुढे भलतंच काहीतरी बोलावं लागतं, पाणी आलं, दिवे गेले. त्या कोटाबद्दलही मी तुम्हाला फोनवर सांगितलंच असणार.

आता बातमी. तुमची म्हातारी गाडी सुरू झाली! तुम्ही गेल्यापासून ताडपत्रीखाली होती. आप्पांनी एके दिवशी ताडपत्री ओढली, बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली, "सूनबाई, मशीन बंद कर. हाताखाली ये." तुमचे दादा तेव्हा दारातच उभे होते, पण त्यांना हाक नाही. पाना मागितला की पक्कड देतो म्हणून त्यांची बदनामी आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

भावजी, मी या घरात आल्यापासून आप्पांना काम करताना बघत होते, पण लांबून. जवळून बघितल्यावर मी थक्क झाले. प्लग काढून त्या भोकावर माझाच अंगठा ठेवायला लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. अंगठा ढकलला गेला. "हं, आता ठिणगीची वेळ आली," म्हणाले. मग ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या डबीचं टोपण उघडून आतले पॉइंट्स घासले, त्यांच्यातली फट पातीने मोजली, एक छोटा बल्ब तारांना जोडला आणि डबी बोटांनी केसभर फिरवली. पॉइंट उघडले त्या क्षणी बल्ब लागला. मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. तुम्हाला हे सगळं पाठ आहे, पण मला नव्याने आलंय, तेव्हा थोडं मिरवू द्या. शिलाई मशीनमध्ये सुई खाली आली की शटलने तिथे असायलाच हवं, नाहीतर टाका सुटतो. तसंच हे, असं मी म्हटलं. आप्पा माझ्याकडे बघून हसले. मला म्हणाले, "कापडात जन्म घालवलास तू उगीच." सासऱ्याकडून इतकं ऐकायला मिळालं की सून वर्षभर मिरवते.

नंतर इंजिन सुरू करून त्यांनी त्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली. डाव्या हाताचा पंजा मडगार्डवर, उजवा हात डिस्ट्रिब्यूटरवर. डबी जरा इकडे, जरा तिकडे. वाटीतलं पाणी थरथरत होतं, ते हळूहळू बारीक होत गेलं. मी विचारलं, "ही वाटी कुठून आली? आधी कधी दिसली नाही." आप्पांनी उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात फॅनचा पट्टा घसरायला लागला. काय किंचाळला म्हणून सांगू! तुमचे दादा कानात बोटं घालून बाहेर पळाले, काकू कोट विसरून खिडकीत आल्या. आणि आप्पा वाटीकडे बघत उभे. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी त्यांच्या दंडाला हात लावला, पट्ट्याकडे बोट केलं, तेव्हा दचकले. म्हणाले, "हो, हो, मला कळलंय." भावजी, त्यांना कळलं नव्हतं.

आपल्या घरात गॅरेजमुळे निम्मं बोलणं खुणांचं. दोन बोटं वर म्हणजे सुरू कर, मूठ म्हणजे बंद. जेवायला या हेसुद्धा आपण हातानेच सांगतो. असल्या घरात माणूस बहिरा झाला तर कळायचं कसं? आपण म्हणत राहिलो, आप्पा हल्ली घुम्यासारखे वागतात, आप्पांचा ताठा वाढला.

ही वाटी त्यांनी स्वतःची स्वतः शोधून काढली आहे. ज्या माणसाने उभा जन्म नुसत्या आवाजावर इंजिनं जुळवली, त्याचे कानच गेले, तर त्याने कुरकुर केली नाही, कुणाला सांगितलं नाही, पाण्याला आणि तळहाताला कामाला लावलं. मला त्यांचा रागही आला आणि इतका अभिमान वाटला की मोरीत जाऊन रडून आले.

पण चढावर वाटी चालत नाही. ठिणगी जरा आधी पडत असेल तर चढावर इंजिन नॉक मारतं, तो बारीक टिणटिण आवाज कानालाच कळतो. पूर्वी आप्पा चढावर एकटे, नाहीतर तुम्हाला घेऊन जायचे. या वेळी म्हणाले, "चल सोबत." पाण्याच्या टाकीच्या पुढच्या चढावर त्यांनी गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवली, पाय दाबला आणि रस्त्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी ओरडले, "आप्पा, समोर बघा, समोर!" मग टिणटिण सुरू झाली आणि माझ्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून डबी किंचित मागे फिरवली. पुन्हा चढ, पुन्हा माझं तोंड. तीनदा झालं. शेवटी आवाज गेला असं मला वाटलं, पण छातीठोक सांगता येईना. त्यांच्या कानांचं मला कळलंय हे त्यांना कळलंय, एवढंच.

घरी आल्यावर डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट त्यांनी नुसता बोटांनी आवळला. मी पाना पुढे केला. म्हणाले, "राहू दे. तू हुशार आहेस, पण तुझा कान सुईचा. इंजिनाचा कान घरात एकालाच, धाकट्याला." आणि हात पुसत आत गेले.

आता ज्यासाठी हा सगळा कागद खर्ची घातला ते लिहिते.

तुम्ही गेलात त्या सकाळचं. आदल्या दिवशी तुम्ही पुस्तक बघून, टायमिंगचा दिवा जोडून गिऱ्हाइकाच्या गाडीच्या ठिणगीचं टायमिंग लावलं होतंत, आणि आप्पांनी त्याच्या देखत ते हसत हसत फिरवलं. तुमचा संताप खोटा नव्हता. तुम्ही नाही नाही ते बोललात, तेही मी ऐकलं. पण सकाळी बॅग घेऊन तुम्ही गॅरेजच्या दारात आलात. आप्पा तुमच्याकडे पाठ करून बॉनेटमध्ये वाकले होते, इंजिन चालू होतं. तुम्ही म्हणालात, "आप्पा, चुकलं माझं. थांब म्हणा, थांबतो." मी चहाचे कप घेऊन तुमच्या मागेच होते. आप्पांनी मान वर केली नाही. तुम्ही वळलात ते माझ्याकडेही न बघता गेलात. मीसुद्धा मनात म्हटलं, काय दगडाचं काळीज या माणसाचं.

दुपारी जेवताना आप्पांनी मला विचारलं, "धाकटा न सांगताच गेला?" मला तो टोमणा वाटला. मी ताट वाढून उठून गेले.

भावजी, तो टोमणा नव्हता. ते विचारत होते.

तुम्हाला वाटतंय त्यांनी तुम्हाला जाऊ दिलं. त्यांना वाटतंय तुम्ही एक शब्द न बोलता गेलात. फोन ते रागाने देत नाहीत माझ्याकडे. घंटा वाजते तेव्हा दिवा लुकलुकतो म्हणून उचलतात, कानाला लावतात, काहीच येत नाही, म्हणून देतात. आणि मग माझ्या ओठांकडे बघत बसतात, तुम्ही काय म्हणालात ते मी परत बोलते का म्हणून.

मी त्यांना पाटीवर लिहून दाखवू शकले असते. पण ते वाक्य तुमचं आहे, ते मी कसं सांगू? या. इंजिन बंद करा, त्यांच्या समोर उजेडात उभे राहा आणि तेवढंच पुन्हा म्हणा, सावकाश. कानाच्या डॉक्टरांकडेही तुम्ही नेलंत तरच जातील.

बोल्ट अजून बोटांनीच आवळलेला आहे. पाना मी खुंटीला अडकवून ठेवलाय, तुमच्या दादांना हात लावू दिलेला नाही.

तुम्ही येईपर्यंत तुमच्या सीटवर बसणारी,
तुमची वहिनी