पाडव्याच्या तबकातली जमीन

यावल,
२४ ऑक्टोबर १९९०

ती. कुंदाअक्का यांच्या पायाशी तोतारामचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची धाकटी बहीण इंदिरा काल शिरपूरच्या एसटीत बसली, ती शिंदखेड्याला तुमच्याकडेच पोचली असेल. जाताना मला एवढंच म्हणाली की दूध तापवून ठेवलंय.

झालं ते असं. पाडव्याला इंदिरानं मला ओवाळलं. दरसाल मी तबकात लुगडं ठेवतो. यंदा म्हटलं, दोघी लेकी आपापल्या घरी नांदत्या आहेत, केळीच्या बागेत ही जन्मभर माझ्या बरोबरीनं राबली, तर विहिरीची अडीच एकर हिच्या नावावर करावी. हल्ली शेतकऱ्यांच्या सभांमधूनही तसं सांगतात. तलाठ्याकडे अर्ज दिला, त्याच्या नकलेला कुंकू लावलं आणि ती तबकात ठेवली. वाटलं, हरखेल. तिनं तबक खाली ठेवलं आणि विचारलं, जळगावच्या डॉक्टरनं काय सांगितलं ते आधी बोला. अक्का, मी जळगावला चष्मा करायला गेलो होतो. ते शंभरदा सांगून झालं, पण तेव्हापासून अबोला.

चावडीवर नोटीस लागली आहे. पुढे महसुलाचे सर्कलसाहेब येतील तेव्हा इंदिरानं समोर उभं राहून हो म्हणायला हवं, त्याशिवाय नाव लागत नाही. तिच्या मनात काय आहे ते जरा काढून घ्या. घरात मी आणि मांजर, दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

तुमची माया पाठीशी असू द्यावी.
आपला,
तोताराम


शिंदखेडा,
३० ऑक्टोबर १९९०

श्री. तोतारामभाऊंस कुंदाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमची अमानत सुखरूप पोचली. आल्या आल्या माझे डबे घासले, माळ्यावरची जाळी काढली, शेजारणीच्या सुनेला दोन शब्द सुनावले. मनात काही असलं की तिचे हात स्वस्थ बसत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी बोलती झाली. भाऊ, तुम्ही माणूस सोन्यासारखे, पण बायकांच्या मनाचं गणित तुम्हाला येत नाही. आमचे मालक गेले तेव्हा इंदिरा माझ्याजवळ होती. दहाव्याला सकाळी बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या, आणि तो दिवस उलटला नाही तोच दीर तलाठ्याला घेऊन ओट्यावर आले. वारस म्हणून माझं नाव लागलं. अंगठ्याला शाई लागली तेव्हा तिनंच माझा हात धरला होता. आमच्या गल्लीत ज्या ज्या बाईचं नाव सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आहे, तिचं कपाळ पांढरं आहे. मग कुंकवाच्या तबकात तुम्ही तो कागद ठेवल्यावर तिनं काय समजावं? तिला वाटतं, तुम्हाला मोठं दुखणं झालंय आणि तुम्ही मागची आवराआवर करताय.

मी तिला म्हटलं, त्या अंगठ्याचं दुःख वेगळं आणि त्या शेताचं सुख वेगळं. अक्षरं तर मी त्यानंतरच शिकले, का तर आपल्या बांधावर कुणी काय लिहून ठेवलंय ते आपल्याला वाचता यावं. तिनं ऐकून घेतलं आणि घासलेले डबे पुन्हा घासायला घेतले. घाई करू नका. आणि चष्मा लावून एक फोटो काढून पाठवा, निदान तेवढी तरी तिची खात्री पटेल.

घरची आठवण ठेवता तशीच आमचीही ठेवावी.
कुंदाबाई


यावल,
७ नोव्हेंबर १९९०

ती. कुंदाअक्कांस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मी देताना लुगड्याचा विचार केला, कपाळाचा केलाच नाही.

इकडे आणखी एक झालं. शालिग्रामनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलानं, नोटिशीवर हरकत दिली. आमच्या वाटण्या होऊन जमाना झाला, तरी त्याचा हिशेब असा, की काकाला मुलगा नाही म्हणजे ही जमीन शेवटी आपलीच. त्यानं चावडीवर सांगितलं की काका चळला आहे, आणि काकूला स्वतःलाच जमीन नको, म्हणून तर ती घर सोडून गेली.

सर्कलसाहेब पुढच्या शुक्रवारी, सोळा तारखेला, चौकशीला येतात. इंदिरा आली नाही तर अर्ज निकालात निघेल. मी उद्या गेलो तर वारस म्हणून तिचं नाव लागेलच, पण ते लागेपर्यंत त्या शेतात नांगर कुणाचा फिरेल, ही मला काळजी. तरीही तिला नकोच असेल तर मीच अर्ज मागे घेतो. मन मारून तिनं घ्यावं असं मला देता येत नाही. तेवढं तिला सांगा, आणि घरी मात्र ये म्हणावं.

फोटो सोबत आहे. हसलेलो नाही, फोटोवाल्यानं हसू दिलं नाही.

रागवा पण परकं करू नका.
तोताराम


शिंदखेडा,
१३ नोव्हेंबर १९९०

श्री. तोतारामभाऊंस अ. आ. वि. वि.

पत्र मी मोठ्यानं वाचलं. इंदिरा तूर निवडत होती. शालिग्रामचं बोलणं आलं तिथं तिचा हात थांबला, आणि तेवढंच मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, मला काय नको ते हा कोण सांगणार? फोटो बराच वेळ पाहिला. गालफडं भरलेली आहेत, एवढंच बोलली, पण मला कळलं.

काल कासाराकडून हिरवा चुडा भरून आली. उद्याच्या एसटीनं निघते, म्हणजे पत्राआधी तीच दारात असेल. तिची अट अशी की चावडीवर तुम्ही नवी टोपी घालून यायचं, आणि तिच्या पुढे नाही, शेजारून चालायचं. सगळ्या गावानं जोडा बघितला पाहिजे.

माझं नाव लागलं तेव्हा शेजारी मालक नव्हते. तिच्या शेजारी तुम्ही आहात, हे ऐकून माझ्या जिवाला किती गार वाटलं ते लिहिता येत नाही.

दोघांनी सुखाचे दोन घास खा.
कुंदाबाई


यावल,
५ डिसेंबर १९९०

ती. अक्कास इंदिराचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

माझं अक्षर गोड मानून घे. ह्यांना लिहू दिलं नाही, ते वाढवून लिहितात.

चावडीवर निम्मं गाव जमलं होतं. सर्कलसाहेबांनी विचारलं, बाई, तुमच्यावर कुणाचा दाब आहे का? माझ्या तोंडात आपली शिंदखेड्याची बोलीच आली. मी म्हटलं, “मना मालक जित्ता शे, म्हनीसन मी सही करस. मरावर ते बठ्ठा देतस.” मालक जिवंत आहे म्हणून सही करते, मेल्यावर तर सगळेच देतात, असं साहेबांनी मान खाली घालून लिहून घेतलं. शालिग्रामची हरकत फेटाळली आणि परवा उतारा हातात आला. ह्यांनी नव्या चष्म्यातून माझं नाव तीनदा वाचलं.

आता कालचं सांगते. शालिग्रामला गव्हासाठी विहिरीचं पाणी हवं होतं. आधी ह्यांच्याकडे गेला. हे म्हणाले, विहीर माझी नाही, मालकिणीला विचार. तो दारात आला, टोपी हातात फिरवत उभा राहिला. काकू म्हणून हाक मारली आणि गव्हाचं सांगितलं. मी त्याला बसवलं, चहा केला. म्हटलं, पाणी द्यायला ना नाही, पण पाळी तुझ्याशी ठरवायची नाही. शेतात वाकते ती प्रमिला. तिला पाठव, आम्ही दोघी ठरवू.

त्याचा चेहरा पडला, पण गहू सुकत होता. संध्याकाळी त्याची बायको प्रमिला पदर सारखा करत आली. बाहेरच बसायला लागली, तर मी तिला आत ओढली. पाळी ठरली. मग हळूच विचारलं, काकू, उताऱ्यावर बाईचं नाव कसं दिसतं हो?

मी ट्रंक उघडून उतारा तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचं बोट धरून माझ्या नावावरून फिरवलं.

गव्हाला उद्यापासून पाणी. पहिली पाळी प्रमिलाची.

येत्या आखाजीला माहेरपणाला तूच इकडे ये, माझ्या शेतात.
तुझी,
इंदिरा